चेटकीणअक्का आणि कोहळ्यावरचा पहिला वार

आमचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि आमच्या घराण्यात भिऊन पळालेला माणूस आजवर जन्माला आलेला नाही. चेटकीणअक्का पहिल्यांदा माझ्या रिक्षात बसली, तेव्हा मी चालती रिक्षा सोडून उडी मारली आणि मारम्माच्या देवळामागं जाऊन बसलो.

रिक्षा बिचारी आपली आपण हळूहळू पुढं गेली आणि शहाळेवाल्याच्या गाड्याला टेकून उभी राहिली. अक्का आत तशीच, मांडीवर पिशवी घेऊन. मग ती उतरली, देवळामागं आली, आणि माझ्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघून म्हणाली, "सुभान्या, तुझ्यापेक्षा तुझी रिक्षा शूर आहे रे. ती निदान पुढं तरी गेली." माझं नाव तिला कसं कळलं, ह्याचा विचार करून मला दोन दिवस ताप आला. रिक्षाच्या पाठीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत ते रंगवलंय, असं बायको म्हणाली. असेल. मला कुठं वाचता येतं?

दिसायला ती तशीच होती, म्हणून तर नाव पडलं. एक डोळा दुधासारखा पांढरा. साडीवर मेलेल्या नवऱ्याचा खाकी कोट, तोसुद्धा भर एप्रिलमध्ये. सोसले गावाकडनं लग्न करून आलेली, ताराबाईंच्या घरामागच्या एका खोलीत तीसेक वर्षं भाड्यानं राहायची. गल्लीतली कन्नड घरं तिला 'माटगाती' म्हणायची, आम्ही पाच-सहा मराठी घरं 'चेटकीणअक्का' म्हणायचो. तोंडावर फक्त अक्का. तिच्यासमोर माझ्या तोंडून एकदा पूर्ण नाव निसटलं, तर ती म्हणाली, "पुढचं गाळू नकोस. नुसती अक्का म्हटलं तर लोक उसनं मागायला येतात."

पण गल्लीत काही हरवलं, कुणी कुणाला फसवलं, की पोलिसांच्या आधी अक्काला बोलावणं जायचं. ती यायची, उंबऱ्यावर बसायची, आणि सगळ्यांचे पाय बघायची. म्हणायची, "तोंड शाळेत जाऊन आलेलं असतं, त्याला खोटं बोलायला येतं. पाय अडाणीच राहतात."

एकदा मारम्माच्या मूर्तीचा चांदीचा डोळा चोरीला गेला. देवीला एक डोळा आणि अक्काला एक डोळा, दोघी समोरासमोर. मला तर ते बघवेना. सगळ्या बाप्यांना चपला काढून ओळीनं उभं केलं. अक्का एकेकासमोरनं जाऊ लागली. माझ्यासमोर आली आणि माझ्या पायांची दहाही बोटं आत मुडपली. मागनं कुणीतरी ओरडलं, "हाच! हाच!" अक्कानं वाकून नीट बघितलं. म्हणाली, "नाही रे. ह्याची बोटं जन्मल्यापासनं घाबरलेली आहेत." गल्ली पोट धरून हसली, त्यात सगळ्यात मोठ्यानं मी. आणि त्या हसण्यात फक्त एक माणूस हसला नाही, तो देवळातला माईकवाला. त्याचा पाय आपला सारखा फुलांच्या टोपलीकडं वळत होता. डोळा टोपलीच्या तळाशी निघाला.

चोर सापडला की गल्ली हलकी व्हायची. अक्का मात्र जड व्हायची. कोट आवळून घ्यायची आणि कुणाशी बोलायची नाही. एकदा मी खुशीत येऊन विचारलं, "अक्का, जिंकलीस की! आता का तोंड पाडून?" तर म्हणाली, "खरं बाहेर आलं ना सुभान्या, की ते रिकाम्या हातानं परत जात नाही. काहीतरी उचलून नेतं." सांगतो, त्या दिवशी मी रिक्षाची मागची सीट दोनदा तपासली, काही उचललंय का म्हणून.

तिची दुसरी सवय तर ह्याहून वाईट. ज्या घरात मरण यायचं असेल, त्या घरचं काही ती पीत नसे. पहिल्यांदा हे कळलं ते पेन्शनवाल्या पापण्णांच्या घरी. धडधाकट माणूस, रोज चामुंडी डोंगराच्या पायऱ्या चढणारा. अक्कानं कॉफीचा लोटा ओठांपर्यंत नेला, थांबली, खाली ठेवला, आणि उठून गेली. आठवड्यात पापण्णा गेले. पुढं आणखी दोन घरांत असंच झालं. मग काय, अक्का दारात दिसली की घरोघरी कॉफी चढायची. बायका लोटा पुढं करायच्या आणि श्वास धरून उभ्या राहायच्या. तिनं घोट घेतला की घरातले सगळे घोट घ्यायचे. आमच्या घरी एकदा कॉफी जास्त गरम होती म्हणून ती फुंकायला थांबली, तेवढ्यात माझी बायको माझं नाव घेऊन रडायला लागली. अक्का म्हणाली, "अय्यो, थांब की! तोंड भाजतंय." मी बायकोला विचारलं, घरात आपण चारजण, तू थेट माझ्याच नावानं का रडलीस? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता कोहळ्याचं सांगतो.

दोन वर्षांमागं आषाढातल्या अवसेला सकाळी ताराबाईंच्या दारात अर्धा कापलेला कोहळा निघाला. आत कुंकू भरलेलं, वर काळ्या बांगड्यांच्या काचा आणि केसांचा गुंता. ताराबाई म्हणजे अक्काच्या घरमालकीण; घरात त्या, एकुलता एक मुलगा गिरीश, आणि त्याची बायको रेखा. रेखा साताऱ्याकडची, शुद्ध मराठी बोलणारी, आमची कन्नड मिसळलेली बोली ऐकून तोंडाला पदर लावणारी. तिला पाचवा महिना होता. दार उघडलं तिनंच, आणि पाय पडला थेट कुंकवात.

माटा, म्हणजे करणी. एवढा एक शब्द गल्लीत फिरला. आणि करणी म्हटल्यावर माणसं बघणार कुठं? मागच्या खोलीकडं. पुढच्या अवसेला परत कोहळा. ह्या खेपेला कुंकवात बाळाचं टोपडं.

रेखानं जेवण सोडलं. दारातल्या रांगोळीवरनं पाऊल टाकायलासुद्धा ती घाबरायला लागली. मी तिला तपासणीला दवाखान्यात न्यायचो, तेव्हा आरशात बघायचो. आधी सगळ्या रस्ताभर बोलणारी पोर, आता रिक्षाच्या दांडीला डोकं टेकून बसलेली. डॉक्टर म्हणाल्या, बाळाचं वजन वाढत नाहीये, खायला हवं. परत येताना मी तिला हसवायला म्हणून माझे सगळे विनोद सांगितले. ती म्हणाली, "मामा, जरा गप्प बसता का? मला ऐकायचंय ते हलतंय का." मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब रस्ता.

शेवटी मारम्माच्या पारावर गल्ली बसली. दसऱ्याच्या आधीची महालयाची अवस यायच्या आत अक्कानं खोली सोडायची, असं ठरलं. ताराबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मला काही तिचं वाईट करायचं नाही. पण माझ्या घरात पोटुशी सून आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. सामान न्यायला रिक्षा कुणाची? माझी. हो म्हटलं मी. गल्लीपुढं नाही म्हणायला छाती लागते, आणि घोडदळातली ती छाती पणजोबांबरोबरच गेली.

मी निरोप द्यायला गेलो, तर अक्का खोलीच्या पायरीवर बसलेली. समोर तो दुसऱ्या खेपेचा कोहळा. लोकांनी लांब फेकलेला, तिनं उचलून आणलेला. मी दहा हात लांबनंच सांगितलं. ती म्हणाली, "मी जाईन रे. माझं काय, एक कोट आणि एक तवा. पण ती पोर जेवत नाही. भीती तिच्या पोटातल्या लेकरापर्यंत गेलीय. मी गेले म्हणून कोहळे थांबतील, पण भीती थांबणार आहे का?"

मग मला जवळ बोलावलं. मी गेलो, पायांची बोटं मुडपून. ती कोहळ्याच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "बघ. ह्यात दोन हात आहेत. ही इथं साल फोडलेली आहे, तिरकी, एकाच दणक्यात, आणि सुरी अर्ध्यात अडकलीय. आणि इथनं पुढं कसं बघ, सरळ, निगुतीनं कापलंय. रोज स्वयंपाक करणाऱ्या हातानं."

आता आमच्यात रीत अशी, की आख्ख्या कोहळ्यावर बाईनं पहिली सुरी चालवायची नाही. कोहळा म्हणजे बळी, लेकरासारखा. पहिला वार पुरुषानं घालायचा, मग बाईनं चिरून त्याची हुळी, म्हणजे आंबट आमटी, करायची. नाहीतर मुलावर बेतते म्हणतात. म्हणून घरात पुरुष नसला की बायका शेजारच्याला हाक मारतात. त्या कामाला आमच्या गल्लीत हाक कुणाला? स्टँडवर रिकामा बसलेल्याला.

अक्कानं पिशवीतनं दुसरा कोरा कोहळा काढला. "मार वार," म्हणाली. मला तर हेच पाहिजे असतं. मी बाही सरसावली, जय भवानी म्हटलं, आणि घातला. सुरी अर्ध्यात अडकली. तिनं दोन्ही कोहळे शेजारी शेजारी ठेवले. तीच तिरकी खाच. तसाच डावीकडनं आलेला दणका. आमच्या गल्लीत डावरा मी एकटा.

मी दोन हात मागं सरकलो. "अक्का, देवाशपथ मी करणी नाही केली! मला कपबशीसुद्धा सरळ ठेवता येत नाही!"

"ते मला माहितेय," ती म्हणाली. "करणी करायला अक्कल लागते. तू मागं स्टँडवर सगळ्यांना सांगत होतास ना, ताराबाईंनी दोन-दोनदा कोहळ्याला वार घालून घेतला, पण वाटीभर हुळी काही आली नाही म्हणून? लोक हसले. मी नाही हसले. मी बसले मोजत, कोहळा कापला आणि हुळी झालीच नाही, तर कोहळा गेला कुठं?"

माझ्या लक्षात आलं. दोन्ही खेपेला अवसेच्या आदल्या दिवशी. "सुभानोजी, गिरीश घरात नाही, जरा वार घालून द्या की." आणि मी ताक पिऊन, मिशीवरनं हात फिरवत बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला घेऊन ताराबाईंच्या घरी गेली. गिरीश कामावर. रेखा भिंतीला टेकून बसलेली, चेहरा वातीसारखा. अक्कानं आख्खा कोहळा ताराबाईंसमोर ठेवला, वर सुरी ठेवली.

"तारा, काप."

ताराबाई हसायला गेल्या. "अय्यो अक्का, घरात सुभानोजी आहेत की. त्यांना..."

"त्याला नको. तू काप."

"पहिला वार बाईनं..." ताराबाईंचा हात मागं गेला. "माझा एकच मुलगा आहे अक्का."

"म्हणजे करणी तू मानत नाहीस, पण रीत मानतेस," अक्का म्हणाली. "करणी मानली असतीस तर स्वतःच्या सुनेच्या वाटेत कुंकू टाकलं नसतंस. खोटी करणी करायला निघालीस, तरी खऱ्या कोहळ्याला पहिला हात लावायची छाती झाली नाही, तो वार ह्या सुभान्याकडनं घालून घेतलास. तुझा मुलगा तो मुलगा, आणि हिच्या पोटात काय आहे?"

बाहेरच्या रस्त्यावरनं दसऱ्याच्या सरावाला निघालेल्या हत्तींच्या साखळ्या ऐकू आल्या. रेखा हळूहळू मान वळवून सासूकडं बघायला लागली. तसं बघणं मी कधी बघितलेलं नाही, आणि परत बघायचं नाही मला.

ताराबाई खाली बसल्या. "घर पाडून नवीन बांधायचंय. तू निघत नव्हतीस. मी तुला किती वेळा सांगितलं? गल्लीनं काढलं असतं तर माझ्यावर आलं नसतं. सुनेला काही होईल असं मला वाटलंच नाही ग. भीती तुझ्या नावाची घातली होती मी."

"भीती काय पत्ता विचारून जाते?" अक्का म्हणाली.

मग तिनं सुरी उचलली. मी म्हटलं, "अक्का, मी घालतो वार..." तिनं त्या पांढऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, मी मागं भिंतीला. ती म्हणाली, "मलाही एक होता. मी जन्मात कधी कोहळ्याला पहिली सुरी लावली नव्हती. तरी गेला." आणि एका दमात कोहळा दोन केला. सरळ, मधोमध. तिला मुलगा होता, हे तीस वर्षांत गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

त्याच चुलीवर, त्याच कोहळ्याची तिनं हुळी केली. रेखापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "भीती अशी कापायची, शिजवायची, आणि गरम असताना खायची." रेखा रडत रडत जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मला कुणी विचारलं नाही. वार माझा नव्हता ना.

निघताना ताराबाईंनी पाण्याचा लोटा पुढं केला. अक्कानं तो ओठांपर्यंत नेला. थांबली. आणि खाली ठेवला.

मी बघितलं, ताराबाईंनी बघितलं, रेखानं बघितलं. रेखाचे दोन्ही हात पोटावर गेले. अक्का पटकन तिच्याजवळ बसली. "तुझं नाही. तुझ्या लेकराचं नाही. माझ्या गेलेल्या मुलाची शपथ. तू जेवत राहा." उठली आणि गेली. मी मागनं धावलो. "अक्का, मग कुणाचं?" ती म्हणाली, "विचारू नये. विचारलं की ते वळून बघतं." मी जागच्या जागी थांबलो. वळून बघितलं तर पहिला मीच दिसणार ना.

महालयाची अवस आली आणि कोरी गेली. दारात कोहळा नाही. अक्कानं खरं कुणाला सांगितलं नाही, मलाही शपथ घातली. ताराबाईंनीच पारावर जाऊन सांगितलं, की करणी बाहेरची होती, अक्कानं ती उलटवली, खोली सोडायचं आता कुणी बोलायचं नाही. झालं, अक्का आधी साधी चेटकीण होती, आता मोठी झाली. पण ताराबाईंच्या जिवाला घोर. सगळा दसरा त्यांनी अंथरुणात काढला. जरा छातीत कळ आली की मला हाक, जरा ठसका लागला की मला हाक. पाण्याचा लोटा त्यांच्याच हातातला होता ना. मी चाव्या खिशात घेऊन झोपायचो. शहरभर दिव्यांची झगमग, आणि आम्ही त्या एका घराकडं बघत बसलेलो, कुणाचा नंबर म्हणून.

दसरा गेला, हत्ती रानात परत गेले. रेखाला नववा लागला. मी रोज सकाळी स्टँडवर जायच्या आधी अक्काच्या पायरीवरनं फेरी मारायचो. एका सकाळी ती चहाचा पेला घेऊन बसलेली. स्वतःच्या स्टोव्हचा, स्वतःच्या हातचा चहा. ओठांपर्यंत नेला, थांबली, आणि नारळाच्या बुंध्याशी ओतून टाकला.

मी काय करावं? मी हसलो. म्हटलं, "काय अक्का, आज झाडालाच करणी?" ती पण हसली. म्हणाली, "चव गेली रे. जा, उन्हं वर आली." कोटाचं बटण लावत होती. मी स्टँडवर आलो आणि हा विनोद सगळ्यांना सांगितला. चेटकीणअक्कानं नारळाला चहा पाजला. हसले सगळे. हसता हसता माझंच तोंड उघडं राहिलं. मागची खोली म्हणजे ताराबाईंचंच घर. तिनं लोटा खाली ठेवला होता तो त्या घरचा. त्या घरात राहणारी माणसं चार, आम्ही अक्काला सोडून तीनच मोजली होती. मी रिक्षा सुरू करायच्या आधीच गिरीशचा फोन आला.

पायरीवरच बसलेली होती. भिंतीला टेकून, कोटाची बटणं लावून. पाय सरळ, बोटं सैल सुटलेली. मी तेवढंच बघितलं. वर बघवलं नाही.

तिचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. गिरीशनं कागदावर लिहिताना मोठ्यानं उच्चारलं, सुंदराबाई. गल्लीतला एकही माणूस हसला नाही. मलासुद्धा काही सुचलं नाही, आणि तुम्हाला माहितेय, मला सुचत नाही असं होत नाही. ताराबाईंनी घर पाडायचं काढलं नाही परत. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर सांजेला दिवा लावायला त्या स्वतः जातात. दारात थांबतात, आत जात नाहीत.

रेखाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. यंदा रेखानं नवी स्कूटर घेतली. आयुधपूजेला आमच्याकडं गाडीसमोर कोहळा फोडतात, दिवसभर सगळ्या रस्त्यांवर पांढऱ्या फोडी आणि कुंकू. स्कूटरला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. कोहळा आला. आता फोडायला पुरुष पाहिजे. मी बाही सरसावली, मिशीवरनं हात फिरवला, जय भवानी म्हणून पुढं झालो. ताराबाई दारात नात कडेवर घेऊन उभ्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

रेखानं कोहळा माझ्या हातातनं काढून घेतला, डोक्यावर उचलला आणि रस्त्यावर असा आपटला की चार तुकडे झाले. मग कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात दिला.

"मामा, तुम्ही वार घातला की गल्लीत चेटकीण निघते. तुम्ही आपल्या फोडी गोळा करा."